डोंगर पेटला की वर कोण जातं? वणवा विझवणाऱ्यांचा दिवस, तासातासाने समजून घ्या

लोणंद : फेब्रुवारी लागला की सालपे घाटातनं जाताना डोंगराचा रंग बदललेला दिसतो. गवत वाळून पिवळं पडतं. मग एखाद्या संध्याकाळी लांबच्या डोंगरावर लाल रेघ दिसते. आपण गच्चीवर जातो, मोबाईलवर व्हिडिओ काढतो, स्टेटसला टाकतो आणि जेवून झोपतो. सकाळी बघावं तर डोंगर काळा झालेला आणि आग विझलेली. आपल्याला वाटतं, आपोआप विझली असेल. बऱ्याचदा ती कुणीतरी रात्रभर झोडपून विझवलेली असते.

अजिंक्यतारा, यवतेश्वर, कास, चंदन-वंदन, मांढरदेव, खंबाटकी घाट या आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात. बातमी येते ती किती रान जळालं याची. ते विझवायला वर गेलेली माणसं किती तास राबली, त्यांनी पाणी किती प्यायलं, खाली कधी आली, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आज हे काम नेमकं कसं चालतं ते समजून घेऊ. ते समजलं तर आपण खाली बसून त्यांचे कष्ट किती कमी करू शकतो, हेही लक्षात येईल.

वर जातं तरी कोण?

शहरातल्या आगीला अग्निशमन दलाचा बंब येतो. डोंगरावर बंब चढत नाही. रस्ता संपला की पुढं सगळं पायी. तिथं जातात ते वन विभागाचे वनरक्षक, म्हणजे आपण ज्यांना गार्ड म्हणतो ते, त्यांच्यावरचे वनपाल, कायम वनमजूर आणि उन्हाळ्यापुरते रोजंदारीवर घेतलेले हंगामी मजूर. हे हंगामी मजूर बहुतेक आसपासच्या गावातलेच असतात. त्यांना डोंगराची वाट न वाट माहीत असते. जिथं संयुक्त वनव्यवस्थापन समिती कामाची आहे, तिथं गावातली पोरंही जातात. गडकिल्ल्यांवर ट्रेकिंग करणारे गटही अनेक वेळा मदतीला येतात.

त्यांच्याकडं साधनं साधीच असतात. ओल्या डहाळ्या, कोयता, खोरं, बॅटरी आणि पाण्याच्या बाटल्या. अलीकडं बऱ्याच ठिकाणी ब्लोअर मशीन आलंय. पाठीवर घ्यायचं, पेट्रोलवर चालणारं हे यंत्र जोरात हवा मारतं. आगीवर हवा मारली तर ती भडकेल, असं आपल्याला वाटतं. पण या यंत्राची हवा इतकी जोरात असते की आगीच्या पुढचा पालापाचोळा बाजूला उडतो, ज्वाळा जळालेल्या बाजूला ढकलली जाते आणि जळायला काही उरत नाही. मात्र हे आठ-दहा किलोचं ओझं पाठीवर घेऊन उतारावर तासन्‌तास चालावं लागतं, हे विसरू नका.

आग डोंगरावर कशी चालते?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. यातली एक काढली की आग मरते. डोंगरावर पाणी नसतं, त्यामुळं उष्णता कमी करणं अवघड. हवा रोखायची म्हणून डहाळीनं झोडपायचं. जळण काढायचं म्हणून पट्टा साफ करायचा. सगळं काम या दोन गोष्टींवर चालतं.

आता आगीचा स्वभाव बघा. पाणी उताराकडं धावतं, आग चढाकडं धावते. कारण साधं आहे. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ येते, गरम हवा वर सरकते आणि पुढचं गवत आधीच वाळवून ठेवते. या विषयातले जाणकार एक ढोबळ हिशोब सांगतात : चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढाला सपाटीच्या चौपट. आपले डोंगर याहूनही उभे आहेत. माणसाचं मात्र उलटं असतं, चढ लागला की त्याचा वेग कमी होतो. म्हणून वणव्याच्या वरच्या अंगाला उभं राहणं सगळ्यात धोक्याचं.

वणव्याला तोंड असतं, दोन बगला असतात आणि शेपूट असतं. वारा ज्या दिशेला ढकलतो तिकडं तोंड. नवखा माणूस थेट तोंडावर जातो. अनुभवी माणूस शेपटाकडनं सुरुवात करतो, एका बगलेनं झोडपत पुढं सरकतो आणि तोंड अरुंद करत नेतो. त्यामुळं त्याच्या पाठीमागं कायम जळून गेलेलं काळं रान राहतं. हे काळं रान म्हणजे त्याचा आसरा. एकदा जळालेलं गवत पुन्हा जळत नाही. वारा फिरला तर त्याला पळून जायला जागा असते.

एका दिवसाचा हिशोब

समजा दुपारी एकला धूर दिसला. एप्रिलचा दिवस आहे. त्या दिवसाचा हिशोब साधारण असा होतो.

दुपारी १ ते ३ : निरोप मिळतो. कुणी गाडीवर, कुणी पिकअपमधनं पायथ्याला येतं. तिथनं चढण. आगीपर्यंत पोचायलाच तास-दीड तास जातो. ऊन डोक्यावर. आग अजून दिसली नाही तोवर निम्मं पाणी संपलेलं असतं.

दुपारी ३ ते ६ : वणव्याची सगळ्यात वाईट वेळ. गवत कडक, हवा कोरडी, वारा जोरात. या वेळी तोंडावर जाण्यात अर्थ नसतो. बगला झोडपायच्या आणि पुढं लांब कुठं वाट, कातळ किंवा नांगरलेलं रान आहे ते बघून तिथं आडवा पट्टा काढायचा. माणूस ओल्या डहाळीनं जेमतेम काही मिनिटं पूर्ण ताकदीनं झोडपू शकतो. मग मागं सरायचं, दुसऱ्यानं पुढं यायचं.

संध्याकाळी ६ ते रात्री १० : ऊन उतरतं, हवेत थोडा ओलावा येतो, वारा पडतो. ज्वाळा गुडघ्याएवढ्या होतात. खरं काम आता होतं. सगळी लोकं घरी जेवायला बसलेली असतात, तेव्हा यांची कामाची पाळी सुरू होते. अंधारात दगड, घळी, साप-विंचू, निसटती माती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डहाळी.

रात्री १० ते पहाटे ३ : ज्वाळा विझली तरी काम संपत नाही. वाळका बुंधा आतनं धुमसत असतो. जनावराची वाळलेली शेणी तासन्‌तास विस्तव धरते. असा एखादा बुंधा पेटता राहिला आणि सकाळी वारा सुटला, की काल केलेलं सगळं वाया. म्हणून कडेकडेनं फिरून बुंधे फोडायचे, माती टाकायची, हात जवळ नेऊन धग लागते का बघायची. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही. पण वणवा खरा विझतो तो इथं.

पहाटे ३ नंतर : उतरण. दमलेले पाय, घसरडी वाट. घरी पोचेपर्यंत उजाडतं. आणि शिमग्याच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कुठंतरी धूर दिसतो.

मोजा. चौदा-पंधरा तास झाले. वणवा लागायच्या आधीही ही माणसं रिकामी नसतात. हिवाळ्यात जाळरेषा काढण्याचं काम असतं. म्हणजे जंगलाच्या कडेनं आणि मधनं गवत कापून, ते जपून जाळून, मोकळे पट्टे करायचे, जेणेकरून पुढं आग आली तर तिथं अडेल. ते काम उन्हाळा तापायच्या आत पुरं व्हावं लागतं.

थकवा जीवावर का बेततो?

धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मग विचार मंद होतो. तोंडाला बांधलेल्या रुमालानं राख अडते, हा वायू अडत नाही. त्यात उन्हाची आणि आगीची धग मिळून अंगातलं पाणी जातं. अशा कामात माणसाला तासाला एक लिटरच्या आसपास पाणी लागतं. दहा तासांचं म्हणाल तर दहा लिटर. पाठीवर घेऊन कोण चढणार एवढं? म्हणून पाणी कमी पडतंच.

झोपेचं तर आणखी वेगळं. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताचा वेग थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका घसरतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. पहाटे पाचला उठून शेतावर गेलेला माणूस दुपारी वणव्यावर गेला, तर रात्री दहाला त्याचे १७ तास भरतात. त्याच्यापुढं अजून निम्मी रात्र आहे.

अमेरिकेत रानातले वणवे विझवणारी कायमची पथकं असतात. तिथंही लोक सोळा-सोळा तास राबतात. पण तिथं नियम आहे : दोन तास कामाला एक तास विश्रांती, म्हणजे १६ तास कामानंतर ८ तास आराम. आणि प्रवास सोडून सलग १४ दिवस काम झालं की सुट्टी. हे नियम लाडापोटी केलेले नाहीत. दमलेला माणूस वारा बघत नाही, परतीची वाट विसरतो आणि सोबत्याची हाक त्याला उशिरा ऐकू येते, हे तिथल्या लोकांना जीव गमावून कळलंय.

झालेल्या घटना काय सांगतात?

८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातलं नागझिरा अभयारण्य. वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर आगीत सापडून मरण पावले, दोघे जखमी झाले. आपल्याच राज्यातली ही घटना. त्याआधी वर्षभर, १६ फेब्रुवारी २०२० ला, केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूरला तीन वनकर्मचारी असेच गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात वन विभागाच्या चार जणांचा जागीच मृत्यू झाला.

यातले बहुतेक जण साधे वनरक्षक, मजूर होते. आपल्या गावातले असतात तसेच.

आणखी एक घटना अमेरिकेतली, ती मुद्दाम सांगतो. ३० जून २०१३, ॲरिझोना राज्यातलं यार्नेल. एका कसलेल्या पथकातले १९ जण जळून गेलेल्या काळ्या रानात सुरक्षित होते. तिथनं ते खाली, न जळालेल्या झुडपांच्या खोलगट भागातनं निघाले. तेवढ्यात वादळी ढगातनं सुटलेल्या वाऱ्यानं आगीची दिशा फिरवली. १९ च्या १९ गेले.

हे आपल्याला का महत्त्वाचं? कारण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये वळीव येतो. पाऊस पडायच्या आधी कसा एकदम गार वारा सुटतो, धुरळा उडतो, दिशा बदलतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्याच वेळी डोंगरावर आग असेल तर बगल होती ती क्षणात तोंड होते. ढग दाटून आले की वर असलेल्या माणसांनी काळं रान सोडू नये.

वणवा लागतो कसा?

आपल्याकडं वीज पडून वणवा लागणं दुर्मिळ. आग बहुतेक माणसाच्या हातनंच लागते. उसाचं पाचट पेटवलं आणि वाऱ्यानं ठिणगी माळावर गेली. बांध साफ करायला काडी लावली. मोहोळ झाडायला पेटता टेंभा नेला आणि तिथंच टाकला. घाटात गाडी थांबवून बिडी-सिगारेट फेकली. गडावर मुक्कामाला गेलेल्यांनी चूल न विझवता सोडली.

आणि एक कारण आपण मान्य केलं पाहिजे. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं उगवतं, असं अजून बरेच जण मानतात. जाळल्यावर कोवळे हिरवे कोंब दिसतात, म्हणून तसं वाटतं. पण नीट बघा काय उगवतंय ते. कुसळी गवताला आग सोसते. त्याचं टोकदार बी कुसळासह मातीत शिरतं आणि वाचतं. सारखी आग लागलेल्या माळावर कुसळीच वाढत जाते. मारवेल, पवना यांसारखं जनावराला गोड लागणारं गवत मागं पडतं. कुसळी पक्व झाली की मेंढ्यांच्या तोंडाला, कातडीला टोचते, हे मेंढपाळांना सांगायला नको. वर राख वाऱ्यानं उडते, मोकळी माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते, पाणी मुरायचं कमी होतं. म्हणजे काडी लावली चाऱ्यासाठी आणि घालवला चाराच.

हाच काळ टिटवी, चंडोल, तित्तर यांच्या जमिनीवरच्या घरट्यांचा. ससा, खोकड, लांडगा याच माळांवर राहतात. मोठं जनावर पळतं, पिल्लं आणि अंडी राहतात.

आपण काय करायचं?

१. आधी फोन, मग व्हिडिओ. धूर दिसला की वन विभागाची हेल्पलाईन १९२६ लावा. आपल्या बीटच्या वनरक्षकांचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. पोलीस पाटलांना, सरपंचांना सांगा. घर, गोठा, माणूस धोक्यात असेल तर ११२.

२. जागा नीट सांगा. फक्त लोकेशन पाठवलं तर ते तुमचं जातं, आगीचं नाही. मी कुठं उभा आहे, कोणत्या डोंगराची कोणती बाजू, वारा कुठनं कुठं, जवळची वाट कोणती, हे सांगा.

३. उपग्रहावर विसंबून राहू नका. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानं आग टिपून मोबाईलवर संदेश पाठवते. त्यांच्या संकेतस्थळावर आपणही नोंदणी करू शकतो. पण उपग्रह ठराविक वेळेलाच डोक्यावरनं जातो. मधल्या वेळात लागलेली छोटी आग तुम्हालाच आधी दिसते.

४. चप्पल घालून वर पळू नका. मदतीला जायचं तर वनरक्षकांना विचारून. जाड सुती कपडे, बूट. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. एकट्यानं जायचं नाही. वर किती गेले, खाली किती आले याची मोजणी एकानं ठेवायची.

५. उलटी आग लावणं आपलं काम नाही. समोरनं आग लावून वणवा अडवतात, हे खरं. पण ते वारा ओळखणाऱ्या अनुभवी माणसानं, वन अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरनंच करायचं.

६. अडकलात तर वर पळू नका, घळीत शिरू नका. घळ धुराड्यासारखी काम करते. काळं रान, उघडा कातळ, नांगरलेली जमीन गाठा.

७. पाणी आणि खाणं पोचवा. ज्यांना वर जाता येत नाही त्यांनी हे करावं. पाण्याचे कॅन, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, गूळ-शेंगदाणे, भाकरी पायथ्याला आणून ठेवा. एखादी गाडी तयार ठेवा.

८. भाजलं तर जखमेवर वीसेक मिनिटं साधं गार वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. माणूस बरळायला लागला, चक्कर आली, अंग तापलं तर सावलीत आणा, अंग ओलं करा, १०८ ला फोन करा.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं हा गुन्हा आहे. कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कुणाला माहीत नसते. आग मुद्दाम किंवा मोठ्या हलगर्जीपणानं लागली असेल, तर त्या वनातले चराईचे आणि वनउपज घेण्याचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकानं लावायची आणि चराई अख्ख्या गावाची बंद. कलम ७९ प्रमाणे अशा वनात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

शेवटी एवढंच

आग लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कळलं, तर चार माणसं ती डहाळीनं विझवतात आणि जेवायला घरी येतात. दोन तासांनी कळलं तर तीच चार माणसं पहाटेपर्यंत डोंगरावर असतात. मधला फरक आपल्या एका फोनचा आहे.

आणि पाचट कुजवलं, बांध कापून साफ केला, बिडी पायाखाली नीट विझवली, तर त्या फोनचीही गरज पडत नाही. या उन्हाळ्यात आपल्या बीटचे वनरक्षक रस्त्यात भेटले तर त्यांना थांबवा, नंबर घ्या आणि काल रात्री झोप झाली का, एवढं विचारा.